मेटलच्या कानांनी सिंफनी

हेवी मेटल ऐकणाऱ्या माणसाने पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकायचं मनावर घेतलं, की त्याच्या हाती एक ठरावीक यादी पडते. पाखेलबेलचा कॅनन, ‘ब्लू डॅन्यूब’, मोझार्टच्या दोन-तीन सुरेल रचना आणि बेथोवनच्या ‘मूनलाइट’ सोनाटाचा पहिला भाग. मन शांत करणारं, अभ्यासाला पूरक, झोपण्याआधी लावायचं, असं सांगून ही यादी दिली जाते. यातली एकही रचना हलकी नाही. पण स्लेअर किंवा ओपेथ ऐकताना ज्याच्या अंगावर काटा येतो, त्याने आधी शांत व्हावं आणि मगच या संगीतात पाऊल टाकावं, ही अट चुकीची आहे. तो चार दिवस मनापासून ऐकतो, ‘छान आहे’ म्हणतो आणि आपल्या जुन्या संगीताकडे परततो. त्याच ‘मूनलाइट’चा तिसरा भाग त्याला कोणी ऐकवलेलाच नसतो. पियानोवर खालून वर उसळत जाणाऱ्या स्वरांच्या लाटा आणि प्रत्येक लाटेच्या टोकावर दोन दणके, असा तो भाग आहे, आणि तो या माणसासाठीच लिहिल्यासारखा आहे.

वजन, वेग, कर्कशता, भय, दीर्घ बांधणी या मेटलच्या चाहत्याला प्रिय असलेल्या गोष्टी अभिजात संगीतात मुबलक आहेत. त्याने तिथूनच आत शिरावं. त्याला नव्याने शिकावी लागते ती एकच गोष्ट, हळू आवाज ऐकणं. या दोन मुद्द्यांच्या आधारे, आजवर सुचवल्या गेलेल्या वाटा कुठे नेतात आणि कुठे अडतात, याचा हा आढावा.

नातं किती खरं?

१३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवार. बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ची पहिली तबकडी बाजारात आली. बँडचंच नाव असलेलं त्यातलं पहिलं गाणं तीन स्वरांच्या रिफवर उभं आहे : खालचा सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम. बासवादक गीझर बटलर त्या काळात गुस्ताव होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’मधल्या ‘मार्स’ची धून वाजवत असे आणि गिटारवादक टोनी आयोमीचा हा रिफ त्यातून निघाला, असं बटलरनेच सांगितलं आहे. ‘मार्स’ ऐकलं की ते लगेच पटतं. पाच मात्रांचा, न थांबणारा ठेका, व्हायोलिनच्या तारांवर गजाच्या लाकडाने केलेले आघात आणि त्यावर उगवणारी सा, पंचम, लगेच तीव्र मध्यम अशी धून. १९१४ ते १९१७ या काळात लिहिलेल्या रचनेतलं हे युद्धदैवत अर्ध्या शतकानंतर बर्मिंगहॅमच्या कामगारवस्तीत पुन्हा जागं झालं.

सा आणि तीव्र मध्यम यांच्यातल्या अंतराला युरोपात ‘संगीतातला सैतान’ म्हटलं गेलं. चर्चने त्यावर बंदी घातली होती ही गोष्ट मेटलच्या वर्तुळात आवडीने सांगितली जाते, पण तिला पुरावा नाही. हे अंतर अस्थिर आणि गळ्याला अवघड, म्हणून जुने रचनाकार ते टाळत किंवा त्यातून लगेच बाहेर पडत, एवढंच खरं. एकोणिसाव्या शतकातल्या रचनाकारांनी मात्र ते मुद्दाम जवळ केलं. सँ-साँसच्या ‘दान्स माकाब्र’मध्ये (१८७४) मृत्यू व्हायोलिन वाजवतो. त्यासाठी एकल व्हायोलिनवादकाला सगळ्यात वरची तार अर्ध्या स्वराने उतरवावी लागते, तेव्हा कुठे मोकळ्या तारांवर हे अंतर वाजतं. पत्र्याच्या कारखान्यातल्या अपघातात दोन बोटांची टोकं गमावलेल्या आयोमीने पुढे गिटारच्या तारा उतरवल्या, त्या बोटांवरचा ताण कमी व्हावा म्हणून. कारणं वेगळी, पण तार उतरवली की आवाजात काळोख येतो हे दोन्हीकडे सारखंच कळतं.

सॅबथच्या तबकडीनंतर बरोबर एका महिन्याने, १३ मार्च १९७० रोजी, पुन्हा शुक्रवारीच, अमेरिकन रचनाकार जॉर्ज क्रमने ‘ब्लॅक एंजल्स’च्या हस्तलिखितावर तारीख घातली आणि लॅटिनमध्ये ‘युद्धकाळात’ अशी नोंद केली. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. ही रचना विद्युतवर्धित स्ट्रिंग क्वार्टेटसाठी आहे, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो यांचा आवाज अ‍ॅम्पमधून येतो. वादक घंटा बडवतात, पाणी भरलेल्या काचेच्या पेल्यांवर गज फिरवतात, वेगवेगळ्या भाषांत आकडे ओरडतात. सुरुवातीच्या भागाला क्रमने विजेच्या कीटकांची रात्र म्हटलं आहे आणि तो तसाच ऐकू येतो. ही रचना रेडिओवर ऐकून डेव्हिड हॅरिंग्टनने १९७३मध्ये क्रोनोस क्वार्टेट स्थापन केलं. एकमेकांपासून पूर्ण दूर असलेल्या दोन जगांना एकाच हिवाळ्यात तोच आवाज हवासा वाटला, याला मी नात्याचा सगळ्यात भक्कम पुरावा मानतो, कारण इथे कोणी कोणाची उसनवारी केलेली नाही.

या नात्याचा अभ्यासही झाला आहे. संगीतशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉल्सर यांनी १९९३च्या ‘रनिंग विथ द डेव्हिल’ या पुस्तकात रिची ब्लॅकमोर, एडी व्हॅन हॅलन, रँडी ऱ्होड्स आणि इंग्वे मालमस्टीन यांनी बाख, विवाल्डी, पागानिनी यांच्याकडून काय घेतलं ते गाण्यागणिक दाखवलं. २००८मध्ये हेरिअट-वॉट विद्यापीठाच्या एड्रियन नॉर्थ यांनी ३६ हजारांहून अधिक श्रोत्यांच्या पाहणीतून मांडलं, की अभिजात संगीताचे आणि मेटलचे चाहते स्वभावाने आश्चर्य वाटावं इतके सारखे आहेत. स्वतःच्या स्वभावाबद्दल लोकांनी दिलेल्या उत्तरांवर हा निष्कर्ष उभा आहे, त्यामुळे त्याच्यावर फार भार टाकू नये. पण ‘हे लोक वेगळे आणि ते लोक वेगळे’ या समजाला त्याने धक्का दिला हे खरं.

तरीही ‘मेटल म्हणजे आजचं अभिजात संगीत’ हे वाक्य मला मान्य नाही. मेटलचं रक्त ब्लूजचं आहे. सॅबथची सुरुवात ब्लूज वाजवणारा बँड म्हणूनच झाली. मेटलचा पॉवर कॉर्ड म्हणजे सा आणि पंचम, मधला गंधार वगळलेला. कारण जबर डिस्टॉर्शनमध्ये गंधार मिसळला की आवाज गढूळ होतो. म्हणजे मेटलची स्वररचना अ‍ॅम्पच्या गुणधर्मातून घडली आहे, सिंफनीच्या व्याकरणातून नाही. नातं आहे ते स्वभावाचं आहे, वंशाचं नाही, आणि ऐकायला सुरुवात करण्यापुरतं ते भरपूर आहे.

रूढ वाटा : बँडसोबत वाद्यवृंद आणि गिटारवीर

सगळ्यात जास्त सुचवली जाणारी वाट म्हणजे बँड आणि वाद्यवृंद यांचे एकत्र कार्यक्रम. डीप पर्पलच्या जॉन लॉर्डने लिहिलेली ‘कॉन्चेर्टो फॉर ग्रूप अँड ऑर्केस्ट्रा’ २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये माल्कम अर्नल्डच्या संचालनाखाली वाजली. एप्रिल १९९९मध्ये मेटॅलिकाने मायकल केमन आणि सॅन फ्रान्सिस्को सिंफनीसोबत ‘एस अँड एम’ केलं. हे कार्यक्रम आनंदाचे आहेत, पण अभिजात संगीताची ओळख म्हणून ते अपुरे पडतात. गाणं आधीच पूर्ण असतं, त्यामुळे वाद्यवृंदाला पार्श्वभूमी भरण्याचं काम उरतं. स्पीकरमधून येणाऱ्या ड्रम्सपुढे शंभर वादकांचं बारीक काम ऐकूही येत नाही. २०१९च्या ‘एस अँड एम २’मध्ये मात्र एक खरा दरवाजा होता : सोव्हिएत रचनाकार मोसोलोवची ‘द आयर्न फाउंड्री’. १९२०च्या दशकातली ही जेमतेम साडेतीन-चार मिनिटांची रचना पोलादाच्या कारखान्याचा आवाज वाद्यवृंदातून उभा करते, आणि त्यात खरोखर धातूचा पत्रा हलवून वाजवतात. मेटॅलिकाच्या चाहत्याने तिथून मागे वळून मूळ रचना एकटी ऐकावी.

उलट दिशेचा प्रयोग जास्त उपयोगी आहे. हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत शिकणाऱ्या चौघांनी १९९६मध्ये अपोकॅलिप्टिका या नावाने मेटॅलिकाची गाणी फक्त चार चेलोंवर वाजवलेली तबकडी काढली. तारेवर गज किती जोराने दाबता येतो, चेलोत किती खरखर दडलेली आहे, हे त्या तबकडीतून कळतं. ज्याला ते कळलं त्याला स्ट्रिंग क्वार्टेट ऐकताना परकेपणा वाटत नाही.

दुसरी वाट गिटारवीरांची. ‘हायवे स्टार’मधला ब्लॅकमोरचा सोलो, दौऱ्यावर असतानाही क्लासिकल गिटारचे धडे घेणारा आणि १९८२मध्ये विमान अपघातात गेलेला रँडी ऱ्होड्स, १९८४च्या ‘रायझिंग फोर्स’ने गिटारच्या वेगाचं माप बदलणारा मालमस्टीन. ‘क्रॉसरोड्स’ (१९८६) चित्रपटातल्या गिटारच्या द्वंद्वाचा शेवटचा, स्टीव्ह वायने वाजवलेला तुकडा पागानिनीच्या पाचव्या काप्रीसवर बेतलेला आहे. पागानिनीचे २४ काप्रीस १८२०मध्ये छापले गेले आणि एकल व्हायोलिनच्या वादनाची ते आजही कसोटी आहेत. त्याने सैतानाशी सौदा केला आहे अशी अफवा युरोपभर होती. विवाल्डीच्या ‘फोर सीझन्स’मधल्या उन्हाळ्याचा तिसरा भाग म्हणजे गारांसह कोसळणारं वादळ आहे आणि असंख्य मेटल गिटारवादकांनी त्यावर बोटं घासली आहेत.

ही वाट चांगली आहे, फक्त वेगाशी थांबू नये. मेटॅलिकाचा बासवादक क्लिफ बर्टन बाखचा भक्त होता, तो वेगासाठी नव्हे. बाखचं ‘पासाकाल्या अँड फ्यूग इन सी मायनर’ (बीडब्ल्यूव्ही ५८२) ऑर्गनवर ऐकावं. आठ मापांची एक जड धून पायांनी वाजवायच्या पट्ट्यांवर सुरू होते आणि तिच्यावर एकामागून एक २० रूपांतरं रचली जातात. मग तीच धून फ्यूगमध्ये शिरते. एका रिफमधून किती मोठी इमारत उभी राहू शकते, याचं याहून थोर उदाहरण मला माहीत नाही. त्यानंतर बाखचीच एकल व्हायोलिनची शाकोन (बीडब्ल्यूव्ही १००४) ऐकावी. तिथे तेच काम चार तारांवर, एका माणसाने, जवळपास पाव तासात केलेलं आहे.

सरळ वाट : आपल्या आवडीच्या प्रकारातून

तिसरी वाट मला सगळ्यात खरी वाटते. मेटलमधला आपला जो प्रकार, त्याच्या स्वभावाची रचना थेट उचलायची.

थ्रॅश आवडत असेल तर शोस्ताकोविच. स्टालिन मार्च १९५३मध्ये गेला आणि त्याच डिसेंबरात संचालक म्राविन्स्कीने लेनिनग्राडमध्ये शोस्ताकोविचची दहावी सिंफनी पहिल्यांदा वाजवली. तिचा दुसरा भाग सुमारे चार मिनिटांचा आहे आणि त्यात श्वास घ्यायला जागा नाही. ते स्टालिनचं चित्र आहे असं रचनाकाराच्या नावावर छापलेल्या आठवणींत म्हटलं आहे. त्या आठवणींच्या अस्सलपणावर अभ्यासकांत वाद आहे. संगीताची जरब त्या वादाच्या निकालावर अवलंबून नाही. बार्टोकचं चौथं क्वार्टेट (१९२८) याच जातीचं. त्याच्या चौथ्या भागात गज बाजूला ठेवून सगळं बोटांनी छेडलेलं आहे आणि काही जागी तार इतकी ओढली जाते की ती लाकडावर आपटते. पाचवा भाग म्हणजे दात-ओठ खाऊन केलेला नाच.

प्रोग किंवा मेशुगासारखा विषम आघातांचा मेटल आवडत असेल तर स्ट्राविन्स्कीचं ‘राइट ऑफ स्प्रिंग’. २९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये पहिल्या प्रयोगाला प्रेक्षागृहात गोंधळ माजला होता. प्रस्तावनेनंतर एकच कर्कश स्वरसमूह तारवाद्यांवर ठोकला जातो आणि आठ हॉर्न्स भलत्याच जागी आघात देतात. समेची वाट बघणाऱ्या कानाला ते पुन्हा पुन्हा चकवतं. लयीचा असा हिशेब मेटलच्या चाहत्याला सवयीचा असतो, त्यामुळे नवख्या श्रोत्यांत तो इथे बराच पुढे असतो.

डूम ऐकणाऱ्याने वाग्नरच्या ‘ग्योटरडेमरुंग’मधली सीगफ्रीडची अंत्ययात्रा ऐकावी. मग पोलंडच्या गुरेत्स्कीची तिसरी सिंफनी (१९७६). तिच्या पहिल्या भागात डबल बासवर सुरू झालेली धून एकेका वाद्यगटात चढत जाते, इतकी सावकाश की वेळेचं भान सुटतं. दुसऱ्या भागातले शब्द नाझी पोलिसांच्या कोठडीच्या भिंतीवर एका मुलीने कोरलेले आहेत. १९९२ची या सिंफनीची ध्वनिमुद्रिका दहा लाखांच्या वर खपली.

ब्लॅक मेटलची किंवा गोंगाटाची ओढ असेल तर पेंडरेत्स्कीचं ‘थ्रेनोडी’. ५२ तारवाद्यं, धून नाही, ठेका नाही, शेजारशेजारचे स्वर एकाच वेळी दाटलेले. हिरोशिमाच्या बळींना केलेलं अर्पण त्याला नंतर जोडलं गेलं. आधी रचनेचं नाव होतं फक्त तिचा कालावधी.

सैतान, चेटकिणी आणि अंतिम न्याय हवा असेल तर एकोणिसावं शतक भरलेलं आहे. बेर्लिओझच्या ‘सिंफनी फांतास्तिक’मध्ये (१८३०) नायक वधस्तंभाकडे नेला जातो आणि शेवटी चेटकिणींच्या मेळ्यात घंटांच्या नादावर मृतांसाठीचं जुनं चर्चगीत विडंबित होऊन येतं. मुसोर्ग्स्कीची ‘नाइट ऑन बाल्ड माउंटन’ही तशाच मेळ्याची. आणि व्हेर्दीच्या ‘रेक्विएम’मधला ‘दिएस इरे’, २२ मे १८७४ रोजी मिलानच्या सान मार्को चर्चमध्ये पहिल्यांदा गायला गेलेला. वाद्यवृंदाचे चार दणके, मग मोठ्या ढोलाचे एकेकटे उलट आघात आणि त्यातून खाली घसरत येणारा समूहाचा आकांत. एवढा मोठा आवाज एकाही अ‍ॅम्पविना निघतो, हे समजून ऐकलं की अंगावर शहारा येतो.

हळू आवाजाची सवय

इथवर सगळं ओळखीचं वाटेल. अडचण येते ती पुढे. मेटलची ध्वनिमुद्रणं बहुतेक वेळ सारख्याच पातळीवर, कानाशी भिडून वाजतात. २००८च्या मेटॅलिकाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’चा आवाज इतका दाबून चढवला होता, की चाहत्यांनीच तो पुन्हा मिसळून द्यावा म्हणून सह्या गोळा केल्या. वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणात मात्र कुजबुज आणि गर्जना यांच्यातलं अंतर जपलेलं असतं. रस्त्यावर, लोकलमध्ये इअरफोन लावून ‘राइट ऑफ स्प्रिंग’ ऐकायला गेलं तर सुरुवातीचा एकट्या बासून या वाद्याचा स्वर ऐकूच येत नाही, माणूस आवाज वाढवतो आणि पुढच्या दणक्याने कान बधिर होतात. म्हणून घर शांत असताना, कान झाकणारे हेडफोन लावून, मोठ्या भागाला साजेसा आवाज ठेवावा आणि हळू भागाकडे आपण कान न्यावा.

याच्याशी जोडलेली दुसरी गोष्ट म्हणजे अखंड ऐकणं. शोस्ताकोविचच्या दहाव्या सिंफनीचा चार मिनिटांचा दुसरा भाग तुकडा म्हणून ऐकला तरी दणका देतो. पण त्याआधीचा पहिला भाग वीस मिनिटांहून मोठा आहे, सावकाश, खालच्या तारांवर चाचपडत जाणारा. तो ऐकून झाल्यावर दुसरा भाग सुरू होतो तेव्हा त्याची जरब दुप्पट होते. आपल्याकडे विलंबित ख्याल बसून ऐकणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. सांगावं लागतं ते गाण्यांचे तुकडे ऐकायची सवय लागलेल्या आजच्या कानाला. आयर्न मेडनचं तेरा मिनिटांचं ‘राइम ऑफ द एन्शंट मॅरिनर’ मधल्या शांत भागासकट ज्याला आवडतं, त्याच्याकडे ही ताकद आहेच. तिचा पल्ला फक्त वाढवायचा आहे.

नाव, क्रमांक, वादक

शोधताना रचनाकाराचं नाव, प्रकार, क्रमांक आणि ओपस किंवा बाखच्या बाबतीत बीडब्ल्यूव्ही क्रमांक एवढं पाहावं. त्यानंतर कोणी वाजवलं आहे ते. इथे गाणं आणि गाणारा एक नसतो. बेथोवनची पाचवी सिंफनी कार्लोस क्लायबरने व्हिएन्ना फिलहार्मोनिककडून १९७४मध्ये वाजवून घेतली ती एक, आणि जॉन एलियट गार्डिनरने बेथोवनच्या काळच्या वाद्यांवर केली ती वेगळी : जास्त चपळ, जास्त धारदार. एकाच बँडच्या वेगवेगळ्या दौऱ्यांची ध्वनिमुद्रणं जमवून तुलना करणाऱ्यांना हा छंद लगेच लागतो. एखादी रचना आवडली नाही तर तिला दोष देण्याआधी दुसरं वादन ऐकावं.

आणि शक्य तितक्या लवकर प्रत्यक्ष ऐकावं. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये २००६पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. त्याच्या मैफली वर्षात मुख्यतः दोन हंगामांत होतात. या शहराला हे संगीत नवं नाही; मेहली मेहता यांनी १९३५मध्ये बॉम्बे सिंफनी उभी केली आणि त्यांचे चिरंजीव झुबिन इथूनच जगभर गेले. गोव्याच्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेल्या वादकांनी हिंदी चित्रपटांच्या गाण्यांत व्हायोलिनचे ताफे भरले, त्यामुळे वाद्यवृंदाचा नाद आपल्या कानांत आधीपासून आहे. मैफलीला जाण्यासाठी कोट लागत नाही. भागांच्या मधे टाळ्या न वाजवता थांबायचं, एवढं पाळलं की पुरे. डबल बासचा कंप खुर्चीतून अंगात येतो तेव्हा मेटलच्या मैफलीत छातीवर बसणारा आवाज आठवतो, आणि इथे तो निव्वळ लाकूड, तार आणि माणसाच्या दंडातून आलेला असतो.

पुढे हायडन आणि मोझार्टही आवडू लागतील. मोझार्टचं अपुरं राहिलेलं ‘रेक्विएम’ किंवा हायडनच्या मायनरमधल्या सिंफनी ऐकताना लक्षात येईल की सौजन्याच्या आतही ताण असतो. त्याची घाई नको.

एकच रचना निवडायची असेल तर मी शोस्ताकोविचचं आठवं स्ट्रिंग क्वार्टेट सांगेन. १९६०च्या जुलैमध्ये ड्रेस्डेनजवळ तीन दिवसांत लिहिलेलं, छापील अर्पण फॅसिझमच्या आणि युद्धाच्या बळींना, आणि मित्राला लिहिलेल्या पत्रात मात्र स्वतःच्याच स्मृतीला. त्याच्या नावाच्या जर्मन आद्याक्षरांतून झालेले चार स्वर, रे, कोमल ग, सा, मंद्र नी, सगळ्या रचनेत रिफसारखे घुमत राहतात. पहिला भाग जवळजवळ निःशब्द, दुसरा कोणत्याही थ्रॅशच्या तोडीचा, शेवटचे दोन पुन्हा सावकाश. पाच भाग, मधे थांबा नाही, सुमारे वीस मिनिटं, फक्त चार वादक. वर ज्या ज्या गोष्टींची चर्चा केली त्या सगळ्या यात आहेत, हळू आवाजासकट. दुसऱ्या भागासाठी ते लावावं आणि पाचवा संपेपर्यंत उठू नये.